तुझ्या विहिरीची पायवाट

प्रेमा,

गेल्या आठवड्यात तुझी निळ्या काठाची साडी धुऊन तुझ्याच दोरीवर वाळत घातली. घातली आणि दोन पावलं मागे सरून बघितलं, आपण दोघी बघायचो तसं. दोरीवर कपडे असले की घरात माणूस आहे असं वाटतं, हे तूच मला शिकवलंस. मग लक्षात आलं की ह्या घराचं माणूस आता नाही. साडी ओली होती तशीच ओढून काढली. एक चिमटा तुटला. तुला चिमटे तुटलेले खपत नसत, म्हणून सांगते.

तू गेलीस त्याला आज तेवीस दिवस झाले. रडायला मी बसलेली नाही. तुझ्या सुनेने आणि वाडीतल्या बायकांनी पुरेसं रडून घेतलं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. भांडण अर्धं टाकून उठायची तुझी खोड जुनीच, पण या वेळेला तू हद्द केलीस. समोर असतीस तर मालवणीत तुझी पाठ सोलली असती. कागदावर मला चौथीपर्यंतच्या शाळेतली भाषाच येते, तेव्हा त्याच भाषेत ऐक.

दिनू तुझं घर विकतो आहे. आणि ते घर गिऱ्हाइकासाठी तयार करायचं काम तुझ्या लेकाने माझ्याकडे दिलं. दुसरं कोण होतं? तालुक्यात हे काम दोघींनाच येत होतं. त्यातली एक गेली.

आठवतं, हे सुरू कसं झालं? खालच्या वाडीतल्या मुंबईवाल्याने तुझ्याकडे किल्ली ठेवली होती. त्याचा फोन आला, गिऱ्हाईक येतंय, जरा झाडून ठेवा. मी खराटा घेऊन आत शिरत होते, तू मला दारात अडवलंस. नाक वर करून वास घेतलास.

"इंदू, नुसत्या झाडून भागूचा नाय. ह्या घर निजलेला आसा. ह्याका आधी उठवूक व्हया."

आणि उंबऱ्यावर उभी राहून तू चक्क देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायला लागलीस. "बा राखणदारा, ह्या घराचो दरवाजो आज आमी उघडतो. हयसर जा काय वायट साठला असात, ता बाजूक कर. येतल्या माणसाचा पाऊल बऱ्याचा पडांदे." मग माझ्याकडे वळून डोळे वटारलेस. "म्हण गो!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. हसू दाबत म्हटलं. गाऱ्हाणं घालणं हे गावकऱ्यांचं काम, पुरुषांचं. तसं मी तुला बोलूनही दाखवलं. तू म्हणालीस, "घर झाडूक बायलमाणूस चलता, मगे गाऱ्हाणा घालूक कित्याक चलणा नाय?"

मग प्रत्येक बंद घराशी तुझं तेच. आधी गाऱ्हाणं, मग खिडक्या. तीन दिवस दारं-खिडक्या उघडी, फडताळांचीसुद्धा. वाघळांची घाण आधी भिजवायची, सुकी झाडली तर वास आठ दिवस जात नाही. चुलीत नारळाची सोडणं घालून धूर करायचा, म्हणजे कौलांतली कुबट हवा बाहेर पडते. भिंतीवरचा फोटो उतरवला की मागे चौकोन राहतो, तो एवढाच रंगवला तर आणखी डोळ्यात येतो, म्हणून रंगवायची तर सगळी भिंत. देवघराला हात लावायचा नाही, "देव तेंचे, तेनी हलवूचे." दारापुढचं खळं सारवायचं, पण रांगोळी नको, लग्नघर वाटतं. आणि गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी चुलीवर उकड्या तांदळाची पेज. पायरीवर चपलांचे दोन जोड. त्यातला एक माझा असायचा. एकदा एक गिऱ्हाईक माझी चप्पल घालून गेलं आणि स्वतःची फाटकी ठेवून गेलं. तू आठ दिवस हसत होतीस. मी त्या फाटक्या चपलेने चार महिने काढले.

पण एक गोष्ट तू कधी करू दिली नाहीस. खांबाला वाळवी लागली असेल तर माती खरवडायची, पण खांबाला कापड गुंडाळायचं नाही. गळतीच्या डागावर कॅलेंडर लावायचं नाही. मी एकदा लावलं, तू उतरवलंस.

"घर विकूक काढला म्हणजे चेडू दाखवूक बसवला न्हय, पावडर लावन," तू म्हणालीस. "आजारी माणसाक उठवून बसवतंव तसा करूचा. तोंड धुवूचा, केस विंचरूचे. ताप आसा तर ताप दिसांदे."

मला हे पटत नव्हतं. माझं म्हणणं होतं, गिऱ्हाइकाला डोळे आहेत, त्याने बघावं. आपण कशाला बोट दाखवायचं? ह्यावर आपण किती भांडलो असू. आणि मग खाडीकडच्या घराचं झालं.

ते तू कधी उगाळलं नाहीस, म्हणून मीच उगाळते. चैत्राचे दिवस होते. त्या घराची विहीर खाडीजवळची, फाल्गुन लागला की खारी होते. वाडीत सगळ्यांना माहीत. घर बघायला गुरुजी आणि मास्तरीणबाई आले. दोघांची नोकरी तळेऱ्याकडच्या शाळांत झालेली, निवृत्त होऊन समुद्राजवळ राहायची हौस. साधी माणसं. आल्यागेल्याला गूळ-पाणी द्यायचंच, ते बंद घर असलं म्हणून चुकत नाही. पाणी मी सकाळीच तुझ्या विहिरीचं कळशीभर आणून ठेवलं होतं. खारं पाणी पाहुण्याला द्यायचं कसं, असं मी तुला म्हटलं. ते खरं होतं. पण नुसतं तेवढंच खरं नव्हतं, आणि ते तुलाही कळलं होतं.

गुरुजींनी तांब्या रिकामा केला. खिडकीतून विहिरीकडे बघितलं. म्हणाले, "पाणी अगदी गोड आहे हो इथलं."

तू तोंड उघडलंस. मी तुझ्या पायावर पाय दिला.

जोरात दिला. तू तोंड मिटलंस. त्यांनी घर घेतलं.

परत येताना वाटेत तू बोलायला लागलीस ती थांबेना. मी म्हटलं, "तेनी इचारल्यान काय? नाय. मगे आपण कित्याक सांगूचा?"

"इचारूक तू ठेवलस खंय? गोड पाणी तोंडात ओतलस, माणूस इचारतलो कसो?"

"ह्या घर खपला नसता तर परत कोण बोलवतलो आमका?"

"नको बोलवांदेत." थोडं चालून परत वळलीस. "आणि पायार पाय दिलस तो दिलस, आंगठो चेचलस गो माझो!"

त्यानंतर चार महिने तू माझ्याशी बोलली नाहीस. नागपंचमीला पातोळ्या घेऊन आलीस, पानात वाढल्यास, आणि बोललीस ते पावसाबद्दल. मी समजले, मिटलं. मिटलं कुठे होतं! त्याआधीच वैशाखात मास्तरीणबाई कळशी घेऊन तुझ्या दारात येऊन गेल्या होत्या, ते मला वाडीतून कळलं होतं. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"पाणी मागल्यान. दिलंय."

एवढंच. अकरा वर्षांत तू मला त्यापलीकडे काही सांगितलं नाहीस. दर वर्षी फाल्गुन ते पाऊस लागेपर्यंत बाई सकाळ-संध्याकाळ तुझ्या विहिरीवर यायच्या. काजूच्या झाडांतून त्यांची पायवाट पडली, पांढरी, टणक. गुरुजी दोन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळले, तेव्हापासून खेपा वाढल्या. नळाचं पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. अंथरुणातल्या माणसाला त्यात काय होतं? मी तुझ्या पडवीत बसलेली असले आणि बाई आल्या की माझं काहीतरी काम निघायचं. तू मला कधी थांब म्हणाली नाहीस. जाही म्हणाली नाहीस. नुसती बघायचीस.

आता तुझ्या घराचं ऐक.

तुझं तेरावं झालं आणि दोन दिवसांनी दिनूने दलालाला आणलं. कणकवलीकडचा आहे, पांढरा शर्ट, बोलायला गोड. घर बघून खूश झाला. मागच्या बाजूला गेला आणि थबकला.

"काकी, ही वाट कसली?"

"पाण्याची. एक बाई पाणी नेतात."

"किती वर्षं?"

"अकरा."

त्याने जीभ चावली. दिनूला म्हणाला, "साहेब, ही वहिवाट झाली. घेणारे कोल्हापूरकडचे नवरा-बायको आहेत, पेन्शनर, पैसा तयार. पण वाट बघितली की ते गाडीतून उतरायचे नाहीत. आज पाणी, उद्या रस्ता, परवा कोर्ट. काकी, ह्यावर सुक्या पानांचा पातेरा पसरून टाका. तोंडाला चार काट्या लावा. आणि त्या बाईंना म्हणावं, त्या दिवशी येऊ नका."

तो गेल्यावर मी दिनूला म्हटलं, "ही वाट तुझ्या आवशीच्या डोळ्यांदेखत पडली हां."

"काकी, एकच दिस. पुढचा घेणारे बघतले."

"ते बघूचे नायत. विहिरीक कुलूप घालतले."

"मगे मी काय करू? बंद ठेवून वाळवीक घालू ह्या घर? आमी थंय मुंबयत चौघा दोन खोल्यांत ऱ्हवतो, भाड्यान. आई आसतानाच तिका म्हटलेला मी, विकूया म्हणान. ती म्हणाली, मी मेल्यार वीक. मेली ती!"

शेवटचं वाक्य मोठ्याने निघालं त्याच्या तोंडून. मग तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि तोंड फिरवून घेतलं. लेक वाईट नाही तुझा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

मी हो म्हटलं. ऐकलंस? मी हो म्हटलं. लपवायचं काम मला जमतं, आणि ते मला जमतं हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घराचं काम धरायला गेले. तुझ्या उंबऱ्यावर उभं राहून तुझंच गाऱ्हाणं घातलं. चुकत-माकत घातलं, कारण मला कधी पाठ करावं लागलं नव्हतं. "येतल्या माणसाचा पाऊल बऱ्याचा पडांदे" इथपर्यंत आले आणि थांबले. थांबायचीच जागा ती. मागून कुणीतरी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. मी चौकट धरून उभी राहिले. समोरून दिनूची बायको आली, "काकी, चक्कर आली का?" म्हणाली. मी तिला म्हटलं, बाजूला हो, खिडक्या उघडायच्या आहेत.

तुझ्या घराला कुबट वास नव्हता. औषधाचा होता, आणि तुझ्या पानाच्या डब्याचा. औषधं गोळा करून टाकली. पानाचा डबा मी नेला, विचारलं नाही कुणाला. खाट उन्हात घातली. यजमानांचा फोटो उतरवून दिनूकडे दिला आणि सगळी भिंत रंगवून घेतली. साडी वाळत घातली आणि काढली, ते वर सांगितलंच.

मग मागे गेले. पातेरा कसा पसरायचा ठाऊक आहे ना? खराट्याने ओढला तर ओळी दिसतात. सुपात भरून वर उधळायचा, म्हणजे झाडावरून पडल्यासारखा पडतो. सात-आठ सुपं झाली. वाटेच्या तोंडाला करवंदीच्या काट्या लावल्या. अकरा वर्षांची वाट अर्ध्या तासात गेली. बघणाऱ्याला वाटलं असतं, इथे माणसाचं पाऊल कधी पडलंच नाही. काम चोख झालं होतं. उभी राहून बघितलं आणि सूप तिथेच टाकून निघाले.

आता बाईंना सांगणं राहिलं होतं.

त्यांच्या अंगणात अकरा वर्षांत मी पाय ठेवला नव्हता. गेले तेव्हा त्या गुरुजींच्या चादरी धूत होत्या. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्या नुसत्या घासत होत्या. आतून गुरुजी कण्हत होते. बाई म्हणाल्या, "खाऱ्या पाण्याने पुसलं की पाठीला आग होते त्यांच्या. गोडं पाणी मी त्यांच्या अंगापुरतंच ठेवते, चादरी ह्यात धुते. बसा इंदूबाई. काय काम काढलंत?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं. गिऱ्हाईक येतंय, त्या दिवशी येऊ नका.

त्यांनी चादर पिळली, झटकली. "एक दिवस कशाला? आता बंदच करते. प्रेमाताई गेल्या त्या दिवसापासून मी विचार करते आहे, दिनूला काय म्हणून सांगू? आमचा हक्क होता तो त्यांच्या शब्दावर."

"कसला शब्द?"

"तुम्हाला माहीत नाही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पहिल्या वैशाखात मी त्यांच्याशी भांडायला गेले होते. पाण्यावर तर घर घेतलं आम्ही, आणि हे काय म्हणून. त्या म्हणाल्या, 'बाई, त्या दिवशीचं पाणी माझ्या ह्या विहिरीचं होतं. मी आणलं होतं. चूक माझी. मी जिवंत आहे तोवर ही विहीर तुमची.' आता ज्यांची चूक त्याच नाहीत, तर भरपाई कुणाकडे मागायची? दिनूने काही माझं वाईट केलेलं नाही."

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. ह्या वेळेला माझ्या पायावर पाय द्यायला कुणी नव्हतं. आपलं आपणच मिटलं.

घरी आले आणि तुझा पानाचा डबा भिंतीवर मारला. झाकण वाकलं आहे.

कुणी सांगितलं होतं तुला? कुणी सांगितलं होतं माझं पाप तुझ्या डोक्यावर घ्यायला? वाडीत मला तोंडाळ म्हणतात, सडेतोड म्हणतात. इंदू कुणाची भीड ठेवत नाही म्हणतात. माझा तो सडेतोडपणा तू अकरा वर्षं सांभाळलास, आणि मी त्याची ऐट मिरवत फिरले. मी तुझ्या पडवीतून उठून जायचे तेव्हा तू बघायचीस, ते काय बघायचीस? आज तरी ही थांबेल, आज तरी बोलेल, असं? मग एकदा म्हणायचं होतंस, "बस गो, खंय जातस?" मी बसले असते. नसतेही बसले कदाचित. पण तू म्हणायचं होतंस.

की तुला भीती होती, बाईंना कळलं तर मला कुणी दारात उभं करणार नाही, आपलं काम जाईल, आणि मी एकटी पडेन? एकदा काम गेलं तर जाऊंदे म्हणालेली तूच. म्हणजे तुला जपायचं होतं ते काम नव्हे, मला. हे मला आता कळतं आहे आणि ते कळून मला तुझा जास्तच राग येतो. उपकार करायचे तर सांगून करावेत. मेलेल्या माणसाचे फेडायचे कुठे?

गिऱ्हाईक यायच्या दिवशी उजाडताच मी बाईंच्या फाटकात उभी होते. "आज नेहमीच्या वेळेला कळशी घेऊन या," मी म्हटलं. "का ते तिथे सांगेन." त्यांनी काही विचारलं नाही. मास्तरणी आहेत, चेहरा वाचता येतो त्यांना.

तिथून तडक तुझ्या मागल्या दारी गेले, काट्या उपसून टाकल्या आणि वाट झाडायला घेतली. दिनू दात घासत बाहेर आला.

"काकी! काय करतास ह्या?"

"झाडतंय."

"तुमीच पसरलास मा काल?"

"म्हणान मीच झाडतंय."

त्याने माझ्या हातातला खराटा धरला. मी सोडला नाही. दोघं ओढत होतो. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली तेव्हा त्याने सोडला. "आवशीची मैतरीण म्हणान आयकतंय," तो म्हणाला. "सौदो मोडलास तर बघा."

नऊ वाजता गाडी आली. नवरा जाडसर, शांत. बायकोचे गुडघे दुखत होते, पायरी चढताना तिने माझा हात धरला. घर त्यांना आवडलं. स्वयंपाकघरात ती उभी राहिली आणि म्हणाली, "काय शिजतंय? छान वास आहे." मी पेज म्हटलं. दलाल पुढे पुढे बोलत होता. त्याने त्यांना मागल्या दारी नेलं, विहीर दाखवायला, आणि तिथे त्याची बोलती बंद झाली. काजींतून वाट सरळ विहिरीपर्यंत आलेली, झाडून लख्ख. आणि वाटेवरून बाई येत होत्या, कंबरेवर कळशी.

"ह्या कोण?" नवऱ्याने विचारलं.

"शेजारीण आहेत," दलाल म्हणाला. "सहज आल्या असतील."

"आणि ही वाट?"

दिनू माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे अगदी तुझे आहेत. सहन होत नव्हते.

"वाट खाडीकडच्या घराला जाते," मी म्हटलं. "त्या घराची विहीर उन्हाळ्यात खारी होते. ह्या बाई पाऊस लागेपर्यंत इथलं पाणी नेतात. त्यांचे यजमान अंथरुणाला आहेत. ते घर त्यांनी घेतलं तेव्हा ह्या विहिरीचं गोडं पाणी त्या विहिरीचं म्हणून पाजलं गेलं. ते पाणी मी आणलं होतं. प्रेमाने नाही, मी. तिला सांगायचं होतं, मी सांगू दिलं नाही."

बोलत होते गिऱ्हाइकाशी, बघत होते बाईंकडे. त्या वाटेवरच उभ्या राहिल्या होत्या. कळशी खाली ठेवली त्यांनी.

"पहिली दोन वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "मी प्रेमाताईंना मनात शिव्या देत पाणी न्यायचे. त्या तुमच्या होत्या तर."

"माझ्या," मी म्हटलं. "आणि भरपाईसुद्धा माझ्याकडेच मागायची. मी आहे अजून."

"काकी, पुरे!" दिनू ओरडला.

जाडसर माणूस माझ्यासमोर आला. "म्हणजे तुम्ही लोकांना फसवून घरं विकता?"

"एकदा फसवलं. म्हणून आज सांगते."

"आणि आम्ही घर घेतलं आणि विहिरीला कुलूप लावलं तर?"

"तुमचं घर, तुम्ही लावाल. तेव्हा तुम्ही ते घेऊ नये अशी माझी इच्छा. आणि सांगायलाच लागले आहे तर सगळं ऐका. पडवी आषाढात पश्चिमेच्या कोपऱ्यात गळते. न्हाणीघराचं दार फुगतं, लाथ मारल्याशिवाय लागत नाही. मागच्या खांबाला एकदा वाळवी लागली होती. विहीर तेवढी कधी आटली नाही आणि कधी खारी झाली नाही."

दलालाने कपाळाला हात लावला. त्या माणसाची बायको फस्‌कन हसली. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं तशी गप्प झाली. मग म्हणाली, "मला पाणी द्या प्यायला."

मी आत गेले नाही. सगळ्यांसमोर कळशी विहिरीत सोडली, ओढून वर काढली, तांब्यात ओतली आणि तिच्या हातात दिला. गूळ दिला नाही. ती प्यायली. तिने तांब्या नवऱ्याला दिला, तोही प्यायला. कसं आहे ते दोघांनीही सांगितलं नाही. "कळवतो," म्हणाले आणि गाडीत बसले.

बाईंनी आपली कळशी भरली आणि गेल्या. वळून बघितलं नाही. दिनू त्याच संध्याकाळच्या गाडीने बायको घेऊन मुंबईला गेला. किल्ली माझ्या पायरीवर ठेवून गेला, हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या विहिरीवर जाऊन बसले. बाई येतील की नाही, मला ठाऊक नव्हतं. आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी उठले नाही, त्या पाणी काढून जाईपर्यंत बसून राहिले. त्यानंतर रोज बसते. काल त्यांनी रहाटाला तेल घाला म्हणून सांगितलं. तेवढं पुष्कळ झालं.

आज सकाळी दिनूचा फोन आला. आवाज कडू, पण फोन केला. "तो माणूस रविवारी परत येतोय. सोबत कोणीतरी मोजणी करणारा आहे. वाट किती फूट धरायची, ते कागदावर घालून द्या म्हणतोय. घेईल की नाही माहीत नाही." मग म्हणाला, "काकी, त्याची बायको विचारत होती, पेज असेल का म्हणून."

"आसतली," मी म्हटलं.

मग तुझ्या न्हाणीघरात विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली, माझी साडी तिथेच धुतली आणि तुझ्या दोरीवर घातली. दोन पावलं मागे सरून बघितलं. ह्या घरात मी येते, पाणी काढते, चूल पेटवते, हे तिथे दिसत होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग उंबऱ्यावर जाऊन गाऱ्हाणं घातलं. पूर्ण घातलं. तुझी वाट बघितली नाही. शेवटचं व्हय म्हाराजा मीच म्हटलं.